स्वच्छतागृहाच्या दारातली मदत: सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाचं प्रकरण

सॅन फ्रान्सिस्कोचं मुख्य सार्वजनिक ग्रंथालय सिव्हिक सेंटर भागात आहे. जवळच नगरभवनाचा घुमट, आणि दुसऱ्या अंगाला टेंडरलॉइन ही वस्ती. तिथे एकेका खोलीची जुनी हॉटेलं, अन्नछत्रं, दवाखाने आणि पदपथावर राहणारी माणसं आहेत. आजची इमारत एप्रिल १९९६मध्ये उघडली. तिच्यात पुस्तकं होतीच, पण वस्तीतल्या कित्येकांना त्याहून आधी लागणाऱ्या तीन गोष्टीही होत्या: बसायला खुर्ची, वापरायला संगणक आणि स्वच्छतागृह. यांपैकी कशालाच पैसे पडत नव्हते आणि ‘कशासाठी आलात?’ असं दारात कुणी विचारत नव्हतं. रात्रीच्या निवाऱ्यातून सकाळी बाहेर पडावं लागणाऱ्या माणसाला दिवस काढायला शहरात अशी जागा क्वचितच सापडते.

त्यामुळे ग्रंथालयात बेघर माणसं येत राहिली. कुणी खुर्चीत झोपायचं, कुणी बेसिनमध्ये अंग पुसायचं, मोजे धुवायचं. इतर वाचक तक्रार करायचे. सुरक्षारक्षक उठवायचा, समज द्यायचा, प्रकरण हाताबाहेर गेलं तर बाहेर काढायचा. तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. जाणार कुठे?

दुसरीकडे संदर्भ विभागाच्या, म्हणजे वाचकांना हवी ती माहिती शोधून देणाऱ्या विभागाच्या, टेबलावर वेगळाच प्रकार चालू असायचा. आज रात्री झोपायला जागा कुठे मिळेल, भत्ता बंद झाला त्याचं काय करू, हे पत्र आलंय त्यात काय लिहिलंय, असे प्रश्न ग्रंथपालाकडे येत. त्याच्याकडे यादी असे. निवारा केंद्रांचे, दवाखान्यांचे पत्ते आणि फोन क्रमांक असलेला कागद तो हातात देई. माणूस दोन दिवसांनी परत येई. फोन कुणी उचलला नाही, जागा भरल्या होत्या, ओळखपत्र मागितलं, ते नाही. ग्रंथपालाच्या हिशेबी प्रश्नाचं उत्तर दिलेलं होतं. माणसाच्या हिशेबी काहीच झालेलं नव्हतं.

या प्रकरणात मला रस आहे तो या फरकामुळे. मदतीची माहिती आणि प्रत्यक्ष मदत यांच्यामधलं अंतर यादीने भरत नाही, हे या ग्रंथालयाने मान्य केलं आणि ते अंतर चालून जाण्यासाठी २००९पासून माणसं नेमली. ती माणसं कोण होती, हा या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरला.

आधीची पुण्याई आणि आधीची भांडणं

समाजसेवांचा पत्ता ग्रंथालयाने सांगावा, ही कल्पना २००९ची नव्हे. अमेरिकेत १९७०च्या दशकात अटलांटा, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, ह्यूस्टन आणि क्वीन्स इथल्या ग्रंथालयांनी वस्ती-माहिती केंद्रांचा प्रयोग केला होता. डेट्रॉइटने क्लारा स्टँटन जोन्स यांच्या नेतृत्वाखाली तो सर्वांत नेटाने चालवला. तिथला ग्रंथपाल पुस्तकाबरोबर घरभाडं, नोकरी, दवाखाना यांचीही माहिती देऊ लागला. पुढे हे काम बऱ्याच अंशी फोनसेवेकडे गेलं. जुलै २०००मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने समाजसेवांच्या माहितीसाठी २११ हा क्रमांक राखून ठेवला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने गरिबांना द्यायच्या सेवांबद्दलचं आपलं धोरण १९९०मध्येच मंजूर केलं होतं. कागदावर सगळं ठीक होतं.

भांडण व्यवहारात होतं, आणि ते न्यायालयात गेलं न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनमधून. तिथल्या ग्रंथालयाने टक लावून पाहणं, अंगाला दुर्गंधी येणं अशा कारणांवरून माणसाला बाहेर काढता येईल असे नियम केले. क्राइमर नावाच्या बेघर वाचकाने त्यांना आव्हान दिलं. जिल्हा न्यायालयाने १९९१मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने १९९२मध्ये तो फिरवला. या दुसऱ्या निकालाला दोन बाजू आहेत आणि बहुतेक जण एकच सांगतात. न्यायालयाने नियम योग्य ठरवले हे खरं. पण त्याच निकालात असंही म्हटलं की माहिती मिळवण्याचा घटनादत्त हक्क सार्वजनिक ग्रंथालयातही लागू होतो. म्हणजे ग्रंथालय वर्तनावर नियम लावू शकतं. माणूस कोण आहे यावरून त्याला दाराबाहेर ठेवू शकत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा शहराच्या पातळीवरही बरंच घडत होतं. नोव्हेंबर २००२मध्ये मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार बेघरांना मिळणारा रोख भत्ता बराचसा कापून त्याऐवजी निवारा आणि सेवा द्यायच्या होत्या. २००४पासून तो अमलात आला आणि ज्यांना निवारा देऊ केला त्यांच्या हाती महिन्याला रोख ५९ डॉलर उरले. त्याच वर्षी शहराने रस्त्यावर जाऊन बेघरांना भेटणारं पथक उभं केलं आणि एकाच दिवशी एकाच सभागृहात सगळ्या सेवा मांडणारे मेळावेही सुरू केले. मेळाव्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. एका दिवसात चष्मा मिळतो, दात काढून होतो, अर्ज भरून होतो. पण अर्जाचं उत्तर यायला महिने लागतात आणि तोवर मंडप उठलेला असतो. ग्रंथालय मात्र दुसऱ्या दिवशीही उघडं असतं.

२००९: एक पद

२००९च्या सुरुवातीला ग्रंथालय आणि शहराचा सार्वजनिक आरोग्य विभाग यांच्यातल्या व्यवस्थेतून लिया एस्गेरा यांची मुख्य ग्रंथालयात पूर्णवेळ मनोसामाजिक कार्यकर्ती, म्हणजे मानसिक आरोग्याच्या प्रश्नांत काम करणारी समाजकार्यकर्ती, म्हणून नेमणूक झाली. लुईस हेरेरा तेव्हा शहराचे मुख्य ग्रंथपाल होते. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयातलं असं हे पहिलं पूर्णवेळ पद मानलं जातं. एस्गेरा ग्रंथपाल नव्हत्या. त्यांच्याकडे कौटुंबिक समुपदेशनाचा परवाना होता आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातला अनुभव होता.

नेमणुकीतला पहिला चांगला भाग असा की त्यांचा व्यवसाय आरोग्य विभागाशी जोडलेला राहिला. शहराच्या दवाखान्यात, निवारा यंत्रणेत, रस्त्यावरच्या पथकात कुणाला फोन करायचा हे त्यांना ठाऊक होतं, आणि पलीकडच्या माणसालाही त्या कोण हे ठाऊक होतं. ग्रंथालयाने आपल्याच एखाद्या कर्मचाऱ्याला चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन ‘समाजसेवा समन्वयक’ केलं असतं, तर त्याचा फोन बाहेरून आलेल्या कुठल्याही फोनसारखा रांगेत लागला असता.

दुसरा भाग: त्या टेबलामागे बसून राहिल्या नाहीत. मजल्यामजल्यावर फिरत. जो माणूस रोज त्याच कोपऱ्यात बसतो, ज्याच्या पायाशी सगळा संसार दोन पिशव्यांत आहे, त्याच्याशी इकडतिकडचं बोलत. टेबल ठेवलं की माणसाला उठून, सगळ्यांच्या देखत, त्या टेबलापर्यंत चालत जावं लागतं. म्हणजे आपण बेघर आहोत हे आधी जाहीर करावं लागतं. कित्येक जण त्या दहा पावलांपायीच मदत घेत नाहीत. मानसिक आजार असलेला माणूस तर सरकारी पाटी दिसली की लांबूनच वळतो. त्याच्याकडे आपणच जावं लागतं. पहिल्या भेटीत तो काहीच बोलणार नाही, हेही धरून चालावं लागतं.

कागदांची साखळी

आता या कामाचा गाभा. खाली दिलेला माणूस कोणी एक नाही, पण त्याला लागणारे कागद आणि त्यांचा क्रम खरा आहे.

समजा पन्नाशीचा एक माणूस आहे. रस्त्यावर झोपताना पिशवी चोरीला गेली, तिच्यात ओळखपत्र होतं. मानसिक आजार आहे, काम टिकत नाही. त्याला संघराज्य सरकारचा पूरक सुरक्षा उत्पन्न हा भत्ता मिळू शकतो. पासष्ट वर्षांवरच्या, अंध किंवा अपंग आणि कमी उत्पन्नाच्या व्यक्तींसाठी तो आहे. एकट्या माणसाकडे दोन हजार डॉलरहून अधिक मालमत्ता नसावी अशी अट आहे, आणि ही मर्यादा १९८९पासून वाढलेली नाही. आपल्या माणसाकडे दोन हजार डॉलर नाहीत, म्हणजे इथे तो बसतो. घोडं पुढे अडतं.

अर्जासाठी ओळख पटवावी लागते. राज्याचं ओळखपत्र काढायचं तर जन्मदाखला लागतो. जन्मदाखल्याची अधिकृत प्रत टपालाने मागवायची तर कॅलिफोर्नियात शपथपत्रावर नोटरीसमोर सही करावी लागते, आणि नोटरी ओळखपत्र मागतो. ते नसेल तर ओळख पटवणारे साक्षीदार लागतात. रस्त्यावर राहणाऱ्याने ते कुठून आणायचे? २०१४मध्ये राज्याने कायदा केला: बेघर व्यक्तींना जन्मदाखला जुलै २०१५पासून आणि ओळखपत्र जानेवारी २०१६पासून विनाशुल्क. मोठी सोय झाली. पण ती मिळवायला ‘ही व्यक्ती बेघर आहे’ असं बेघरांसाठी काम करणाऱ्या सेवासंस्थेने लिहून द्यावं लागतं, म्हणजे आधी अशा कुणाच्या तरी ओळखीत असावं लागतं. शिवाय ही माफी कॅलिफोर्नियाच्या दाखल्यापुरती. माणूस टेक्सासमध्ये जन्मला असेल तर टेक्सासचे नियम, टेक्सासची फी.

दाखला आला तरी तो येणार कुठे? पत्ता नाही. टपाल खात्याची ‘जनरल डिलिव्हरी’ नावाची सोय आहे: पत्ता नसलेल्याचं टपाल कार्यालयात ठेवतात, माणूस जाऊन घेतो. टेंडरलॉइनमधल्या टपाल कार्यालयात ती मिळते. टपाल घ्यायला मात्र ओळखपत्र दाखवावं लागतं. हे कुणी मुद्दाम रचलेलं नाही. प्रत्येक खात्याने आपापल्या जागी शहाणपणाने केलेले नियम आहेत. एकावर एक ठेवले की त्यांची भिंत होते.

पुढचा टप्पा वैद्यकीय पुराव्याचा. आजार आहे हे सांगून भागत नाही. डॉक्टरांच्या नोंदी लागतात. दवाखान्यात नियमित जाणाऱ्याकडेच नोंदी असतात. अर्जावर निर्णय यायला महिने जातात आणि पहिल्या फेरीत बहुसंख्य अर्ज नाकारले जातात. नाकारल्याचं पत्र आल्यावर अपील करायला साठ दिवस असतात. पत्र पोचलंच नाही, किंवा पोचलं पण उघडलं नाही, तर मुदत उलटते आणि बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सगळ्यात जास्त माणसं कुठे गळत असतील तर या जागी, असं मला ही साखळी पाहताना वाटतं. न उघडलेली पाकिटं सांभाळून ठेवणारे लोक कमी नसतात. आत वाईटच असणार, या भीतीने ती तशीच पडून राहतात.

ग्रंथालय या साखळीत काय करू शकतं? बरंच. संगणकावर अर्ज भरायला जागा आणि वेळ देतं. ई-मेल उघडून देतं, आणि तो पासवर्ड विसरला की पुन्हा मिळवून देतं. (हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण शहरातल्या ग्रंथालयाच्या संगणक विभागात काम केलेल्या कुणालाही विचारा, दिवसाचा केवढा भाग यात जातो.) छापून, स्कॅन करून देतं. पाकीट उघडून वाचताना शेजारी बसतं. कायमचा पत्ता नसलेल्यांना हे ग्रंथालय ‘वेलकम कार्ड’ नावाचं मर्यादित सोयींचं सभासद-कार्ड देत आलं आहे, म्हणजे सभासदत्वाच्या दारातच पत्त्याचा पुरावा आडवा येत नाही. आणि मुख्य म्हणजे तोच माणूस परवाही इथेच भेटणार, ही खात्री असते. दवाखान्यातली तारीख चुकली तर दवाखान्याला रुग्ण हरवतो. ग्रंथालयाला तो चौथ्या मजल्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेला सापडतो. अपिलाच्या साठ दिवसांत हा फरक निर्णायक ठरू शकतो.

जे स्वतः तिथे झोपले होते

एस्गेरांचं पद बातम्यांत गाजलं. माझ्या मते प्रकरणाचा खरा कणा त्यांनी उभ्या केलेल्या सहायकांत आहे. त्यांना ‘आरोग्य आणि सुरक्षा सहायक’ म्हणतात. ही माणसं पूर्वी स्वतः बेघर होती. बारा आठवड्यांच्या व्यवसाय प्रशिक्षणानंतर त्यांना अर्धवेळ कामावर घेतलं जातं, पगार मिळतो, आणि एस्गेरा त्यांच्या कामावर देखरेख ठेवतात.

त्यांचं काम सुरू होतं स्वच्छतागृहापासून. बेसिनशी उघड्या अंगाने उभा असलेला माणूस रक्षकाला दिसला तर तो नियमभंग असतो, आणि संवादाची सुरुवात ‘हे इथे चालत नाही’ अशी होते. सहायकाला तोच माणूस दिसला तर त्याला प्रश्न कळतो: याला अंघोळ हवी आहे. तो सांगतो, अंघोळ कुठे मिळते, कोणत्या वारी, किती वाजता गेलं तर रांग कमी असते, तिथे टॉवेल देतात की न्यावा लागतो. ही शेवटची माहिती कुठल्याही यादीत नसते. ती भोगलेल्याकडेच असते. २०१४मध्ये लाव्हा मे या संस्थेने जुन्या शहर-बसगाड्यांमध्ये न्हाणीघरं बसवून फिरवायला सुरुवात केली आणि मुख्य ग्रंथालयाजवळही त्यांचा थांबा होता. तेव्हा हे सांगणं आणखी सोपं झालं: ‘बाहेर पडा, कोपऱ्यावरच आहे.’

नियम मोडणारा माणूस आणि नियम सांगणारा माणूस यांच्यात एरवी जी अढी असते, ती इथे कमी होते, कारण सांगणारा काल त्याच जागी उभा होता. त्याला पाहून समोरच्याला हेही कळतं की इथून पुढे काहीतरी असतं. हे पोस्टरवर लिहून पटत नाही.

सहायकांनाही यातून काहीतरी मिळतं आणि ते दुय्यम नाही. पुष्कळ वर्षं कामाबाहेर राहिलेल्याला कामाचा ताजा अनुभव, शिफारस करणारं कुणीतरी, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हजर राहण्याची सवय. म्हणजे ज्या सेवेचा पत्ता ते देतात, तिचाच एक तुकडा त्यांची स्वतःची नोकरी आहे. धोकाही आहे. व्यसनातून बाहेर आलेल्याला रोज व्यसनात असलेल्यांमध्ये पाठवायचं, स्वतःची जखम ताजी असताना दुसऱ्याची ऐकायला लावायची, आणि वर अर्धवेळ पगार द्यायचा. प्रशिक्षित कार्यकर्ती देखरेखीला हवीच ती यासाठी. सहायकांशिवाय ती एकटी पुरी पडणार नाही, आणि तिच्याशिवाय सहायक टिकणार नाहीत.

ग्रंथपालाने कुठे थांबायचं

समाजकार्यकर्ती आली म्हणून ग्रंथपालाचं काम कमी झालं असं नाही. त्याची सीमा स्पष्ट झाली. वैद्यकीय आणि कायदेशीर प्रश्नांबाबत संदर्भसेवेची शिस्त जुनीच आहे: माहिती शोधून द्या, कशी वाचायची ते दाखवा, पण सल्ला देऊ नका. भत्त्याच्या अर्जात ही रेघ कुठे पडते? ‘अपंगत्व म्हणजे या नियमात काय?’ या प्रश्नावर ग्रंथपाल नियम काढून देईल. ‘माझा आजार यात बसतो का, अर्जात काय लिहू?’ इथे त्याने थांबावं. चुकीच्या शब्दामुळे अर्ज नाकारला गेला तर भोगणारा माणूस वेगळा असतो.

थांबणं आणि हात झटकणं यांत फरक आहे, आणि तो दिसतो सोपवण्याच्या पद्धतीत. पत्ता लिहून देणं ही एक पद्धत. फोन आपण लावणं, पलीकडच्या व्यक्तीचं नाव विचारून घेणं, वेळ ठरवणं, ‘अमुक कागद घेऊन यायला सांगितलंय’ हे लिहून देणं आणि शक्य तर त्या दोघांची समोरासमोर गाठ घालून देणं ही दुसरी. पहिलीला अर्धं मिनिट लागतं, दुसरीला वीस मिनिटं. पहिलीने आकडेवारीत एक प्रश्न सुटलेला दिसतो. दुसरीने टोलवाटोलवीची एक फेरी वाचते, आणि तीन फेऱ्यांनंतर माणूस सरकारी दारं ठोठावणं सोडून देतो.

गोपनीयतेचा प्रश्न इथे अवघड होतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ग्रंथालयाच्या वाचकनोंदींना संरक्षण आहे. कोण काय वाचतं हे ग्रंथालय सहजासहजी कुणाला सांगत नाही. समाजसेवांची यंत्रणा मात्र माणसाची सगळी माहिती मागते: आजार, व्यसन, तुरुंग, कुटुंब. दोन्ही एकाच छताखाली आल्यावर भिंत पक्की हवी. समाजकार्यकर्तीच्या फाइली ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत नसाव्यात. ग्रंथपालाला तिच्याकडे गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे कळण्याचा हक्कही नसावा. हे ग्रंथपालांना जड जातं. मदत केली तर पुढचं कळावंसं वाटणं स्वाभाविक आहे.

नियम कडक होतात, दार बंद होतं

हा प्रवास सरळ झाला असं कुणी समजू नये. २०१४मध्ये याच ग्रंथालयात वर्तनाचे नियम मोडणाऱ्यांना अधिक कडक शिक्षा करण्याचा प्रस्ताव आला, आणि बेघरांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्याला विरोध केला. एका हाताने समाजकार्यकर्ती आणि दुसऱ्या हाताने जास्त दिवसांची बंदी, यात विसंगती दिसते. मला ती तितकीशी दिसत नाही. धमकावणाऱ्या माणसापासून ज्यांना सर्वांत आधी संरक्षण हवं असतं, त्यांत दिवसभर तिथे बसणाऱ्या बेघर स्त्रियाही असतात. प्रश्न शिक्षेच्या लांबीचा नाही, कशाला शिक्षा होते त्याचा आहे. झोप लागणं आणि अंगावर धावून जाणं एकाच यादीत बसवलं की नियम चुकतो.

२०१७च्या सुमाराला अमली पदार्थांच्या अतिसेवनाचा प्रश्न ग्रंथालयांच्या स्वच्छतागृहांपर्यंत येऊन ठेपला, आणि श्वास थांबत असलेल्याला नॅलोक्सोन हे औषध देण्याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावं का, ही चर्चा इथेही सुरू झाली. त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या एका शाखेचे ग्रंथपाल हे औषध प्रत्यक्ष देत होते. कुठवर जायचं याला अंत नाही, असं तेव्हा कर्मचाऱ्यांना वाटलं असेल तर ते समजण्यासारखं आहे.

सप्टेंबर २०१९मध्ये ग्रंथालयाने उशिरा परत केलेल्या पुस्तकांचा दंड रद्द केला. वरवर पाहता या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही. पण दंड थकला की कार्ड अडतं, आणि कार्ड अडलं की गरीब वाचकाच्या हातून ग्रंथालयाच्या बाकीच्या सोयीही निसटतात.

मग मार्च २०२० आला आणि कोविडमुळे ग्रंथालयं बंद झाली. कॅलिफोर्नियात सरकारी कर्मचारी कायद्यानेच आपत्तिसेवक असतात. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथपालांना संपर्क-शोधाच्या, म्हणजे बाधितांच्या संपर्कात कोण कोण आलं ते शोधण्याच्या, कामाला लावलं गेलं. अनोळखी माणसाशी फोनवर शांतपणे बोलून नेमकी माहिती काढणं त्यांना जमत होतं. संदर्भसेवेत ते रोज तेच करत आले होते. शहराला ग्रंथपाल असे उपयोगी पडले. बंद इमारतीबाहेर राहिलेल्यांचं स्वच्छतागृह, संगणक, वीज आणि ओळखीचा चेहरा मात्र एकाच दिवशी गेला.

आकडे

पहिल्या पाच-सहा वर्षांचा हिशेब वृत्तमाध्यमांनी दिला तो असा: सुमारे १५० जणांना कायमचं घर मिळालं आणि सुमारे ८०० जण सामाजिक आणि मानसिक आरोग्य सेवांशी जोडले गेले. एका पदाच्या आणि काही अर्धवेळ सहायकांच्या मानाने हे थोडं नाही. शहराच्या मानाने पाहिलं तर वेगळं दिसतं. २०१९च्या एका रात्रीच्या गणनेत सॅन फ्रान्सिस्कोत ८,०३५ बेघर मोजले गेले, २०२४मध्ये ८,३२३.

या आकड्यांवरून ग्रंथालयाचा प्रयोग फसला असं म्हणणारे भेटतात. ग्रंथालयाकडे घरं नाहीत. २०१६मध्ये शहराने बेघरांसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि पुढे एकट्या प्रौढांसाठीही एकच मूल्यांकन पद्धत आली: ठरलेल्या केंद्रात मुलाखत होते, गरजेची तीव्रता मोजली जाते, आणि त्या क्रमाने घर मिळतं. म्हणजे माणसाला मुलाखतीपर्यंत नेणं ग्रंथालयाच्या हाती आहे, यादीत वर ढकलणं नाही. कागद पूर्ण असलेला, दवाखान्याच्या नोंदी असलेला, बोलावणं आल्यावर सापडणारा माणूस घर रिकामं झालं की आत जातो. सापडला नाही तर ते घर दुसऱ्याला जातं. एवढा भाग ग्रंथालयाचा, आणि मूल्यमापन करायचं तर याचंच करावं: किती जणांचे कागद पुरे झाले, किती जणांची अपिलं मुदतीत गेली, बोलावणं आलं तेव्हा किती जण सापडले. हे मोजणं कंटाळवाणं आहे आणि त्याची बातमी होत नाही.

कॅनडातल्या एडमंटनने २०११मध्ये ग्रंथालयात अशा माणसांकडे आपण होऊन जाणारे कार्यकर्ते आणले, राजधानी वॉशिंग्टनने २०१४मध्ये असं पद निर्माण केलं, डेन्व्हरने २०१५मध्ये. डेन्व्हरने पुढे स्वतः अशाच अनुभवातून गेलेल्या सोबत्यांनाही नोकरीवर घेतलं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या सहायकांचा धडा तिथे पोचला. अनेक लहान ग्रंथालयं मात्र जवळच्या विद्यापीठातले समाजकार्याचे विद्यार्थी आणतात. स्वस्त पडतं. विद्यार्थी सत्र संपलं की जातो, आणि ज्याने चार महिन्यांनी त्याच्याशी पहिल्यांदा तोंड उघडलं तो माणूस पुन्हा आपल्या कोपऱ्यात गप्प बसतो. त्याऐवजी आठवड्यातून दोनच दुपारी येणारी, पण वर्षानुवर्षं तीच राहणारी एक व्यक्ती मी निवडेन, आणि उरलेले पैसे त्याच वस्तीतून वर आलेल्या एखाद्याच्या पगारावर खर्च करेन.